हवा काढलेला चेंडू

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात बास्केटबॉलचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांच्या खोलीत वर्षानुवर्षं एक चेंडू ठेवलेला असायचा. त्यात हवा नसायची. दाबला की पिचकणारा, उसळी न घेणारा चेंडू. नव्यानं संघात आलेला मुलगा खोलीत शिरला की त्याची नजर आधी त्यावर जायची, आणि थॉम्पसनना तेच हवं असायचं. या चेंडूतली हवा गेली की किती उरतं ते बघ, असं ते सांगत. एवढ्याशा हवेच्या भरवशावर आयुष्य उभं करू नकोस.

समोरचा मुलगा अठरा वर्षांचा, उंचापुरा, बहुतेकदा गरीब वस्तीतून आलेला असायचा. शाळेपासून ‘तू मोठा खेळाडू होणार’ एवढंच ऐकत आलेला. ज्याच्यामुळे तो तिथवर पोचला त्याच चेंडूचं हे रूप त्याला पहिल्या भेटीत दाखवलं जाई. जॉर्जटाऊनचा संघ एके काळी अमेरिकेतला सर्वांत दरारा असलेला कॉलेज संघ होता. गेल्या काही वर्षांत तो आपल्या गटात तळाला गेला. हे का झालं याचा शोध घेताना मी पुन्हा पुन्हा त्या चेंडूपाशी येऊन थांबतो.

कॉलेजच्या बास्केटबॉलला अमेरिकेत केवढं महत्त्व आहे, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना बघायला खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार प्राध्यापक असतात. तिथे याच पातळीवरच्या सामन्याला वीस-वीस हजार लोक येतात आणि कोट्यवधी लोक तो घरी बसून बघतात. एनसीएए ही कॉलेज क्रीडेची नियामक संस्था दरवर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरवते. तिच्यात आता ६८ संघ असतात आणि एक सामना हरला की संघ घरी. संघांना मानांकन मिळतं. पहिलं सर्वांत वरचं, सोळावं सर्वांत खालचं. वर्षभर देश जिंकत आलेला संघ एखाद्या अनोळखी छोट्या कॉलेजकडून चाळीस मिनिटांत बाद होतो, म्हणून त्या महिन्याला ‘मार्च मॅडनेस’ म्हणतात. या साऱ्या उलाढालीत पैसा टीव्ही कंपन्यांना, विद्यापीठांना आणि प्रशिक्षकांना मिळे. खेळणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती मिळे, म्हणजे फी, राहणं, जेवण. आणि पदवी, जर त्यांनी ती पुरी केली तर. अनेक नामांकित कॉलेजांत ती पुरी व्हायची नाही, आणि त्याची कुणाला फारशी फिकीरही नसायची.

जॉर्जटाऊन हे १७८९ साली जेझुइट धर्मगुरूंनी स्थापन केलेलं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ. पोटोमॅक नदीकाठच्या टेकडीवर त्याच्या दगडी इमारती आहेत. राजदूत, वकील, सिनेटर घडवणारी ही संस्था. तिच्या इतिहासात एक काळं पानही आहे. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुलं लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली आणि त्या पैशाचा काही भाग विद्यापीठाचं कर्ज फेडण्यात गेला. बास्केटबॉलच्या लेखात हे सांगण्याचं कारण आहे. हे विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या वॉशिंग्टनमध्ये १९७० च्या सुमारास सत्तर टक्के लोक कृष्णवर्णीय होते, आणि टेकडीवरचं विद्यापीठ जवळजवळ पूर्ण गोरं होतं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहरात जाळपोळ झाली. त्यानंतर टेकडी आणि शहर यांच्यातलं अंतर दुर्लक्षिण्याजोगं राहिलं नाही.

खेळाची स्थितीही केविलवाणी होती. १९४३ साली एकदा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जाऊन वायोमिंगकडून हरला होता. त्यानंतर सांगण्यासारखं काही नाही. १९७१-७२ च्या हंगामात संघानं तीन सामने जिंकले आणि २३ गमावले. मग विद्यापीठानं शहरातल्याच सेंट अँथनी या छोट्या शाळेच्या प्रशिक्षकाला बोलावलं. वय तीस, उंची सहा फूट दहा इंच, वर्ण काळा. तेच जॉन थॉम्पसन. गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून कृष्णवर्णीय माणूस तेव्हा क्वचितच दिसे.

थॉम्पसन वॉशिंग्टनचेच. वडील फरशांच्या कारखान्यात मजूर होते, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा शाळेत मागे पडला तेव्हा त्याला मंदबुद्धी ठरवण्यात आलं. पुढे तोच मुलगा प्रॉव्हिडन्स कॉलेजकडून खेळला, बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघात दोन वर्षं महान बिल रसेल यांचा राखीव खेळाडू म्हणून राहिला, आणि मग व्यावसायिक खेळ सोडून शिकवण्याकडे वळला. शिक्षण हातातून निसटतं म्हणजे काय, हे त्यानं घरातच पाहिलं होतं.

जॉर्जटाऊनला येताना त्यांनी शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेला सोबत आणलं. मेरी फेनलन. या बाई पूर्वी नन होत्या. त्यांना बास्केटबॉलचे डावपेच शिकवायचे नव्हते. मुलं वर्गात जातात का, निबंध वेळेवर देतात का, इंग्रजी नीट लिहितात का, हे बघणं त्यांचं काम. पण सामन्याच्या वेळी त्या प्रशिक्षकांच्या बाकावर बसत, टीव्हीवर साऱ्या देशाला दिसतील अशा. मुलाला भरती करताना फेनलनबाईंचं मत थॉम्पसन मोलाचं मानत. त्यांच्या कारकिर्दीत चारही वर्षं संघात राहिलेले ७८ खेळाडू झाले. त्यांतल्या ७६ जणांनी पदवी घेतली. मला विचाराल तर जॉर्जटाऊनच्या बास्केटबॉलमधला सर्वांत मोठा विक्रम हाच.

सुरुवात सोपी नव्हती. १९७५ च्या फेब्रुवारीत संघ ओळीनं सामने हरत होता. एका सामन्याच्या वेळी विद्यापीठाच्याच व्यायामशाळेत प्रेक्षकांतून एक चादर फडकली. तिच्यावर थॉम्पसन यांना हाकला अशी मागणी होती आणि त्यांच्या वर्णावरून दिलेली घाणेरडी शिवी होती. विद्यापीठानं प्रशिक्षकाची पाठराखण केली, खेळाडू त्यांच्यामागे उभे राहिले. त्याच हंगामाच्या शेवटी वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध डेरिक जॅक्सननं अखेरच्या सेकंदाला बास्केट केली आणि १९४३ नंतर पहिल्यांदा जॉर्जटाऊन राष्ट्रीय स्पर्धेत गेलं.

१९७९ मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. ईशान्येकडच्या सात कॉलेजांनी बिग ईस्ट नावाचा गट उभा केला. त्यामागे प्रॉव्हिडन्सचे डेव्ह गॅव्हिट होते. आणि त्याच वर्षी ईएसपीएन ही फक्त खेळ दाखवणारी वाहिनी सुरू झाली. वाहिनीला रोज रात्री दाखवायला सामने हवे होते, गटाला प्रेक्षक हवे होते. न्यू यॉर्क, बोस्टन, वॉशिंग्टन अशा मोठ्या शहरांतली ही जुनी, बहुतेक कॅथलिक कॉलेजं एकदम देशाच्या दिवाणखान्यात पोचली. १९८० मध्ये सिरॅक्यूजच्या मॅनली फील्ड हाउस या मैदानावरचा अखेरचा सामना होता. तिथे सिरॅक्यूज ५७ सामने हरलं नव्हतं. जॉर्जटाऊननं तिथे त्यांना हरवलं आणि थॉम्पसननी प्रेक्षकांना जाहीर केलं की हे मैदान आता अधिकृतपणे बंद झालं. ते वैर पुढची तीस वर्षं पुरलं.

१९८१ मध्ये पॅट्रिक यूइंग आला. जमैकाच्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला, बारा वर्षांचा असताना मॅसॅच्युसेट्सला आलेला सात फुटी मुलगा. जर्सीच्या आत राखाडी टी-शर्ट, चेहऱ्यावर हसू नाही, आणि बास्केटखाली उभा राहिला की समोरच्याचा चेंडू हवेतच थोपवायचा. विरोधी संघांच्या मैदानांवर त्याला काय सोसावं लागलं ते आज वाचताना अंगावर काटा येतो. ‘यूइंगला हे वाचता येत नाही’ अशा पाट्या झळकायच्या. मैदानात केळी फेकली जायची. ज्या कार्यक्रमाचा पायाच मुलांना वाचायला, शिकायला लावण्यावर होता, त्याच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला निरक्षर म्हणून हिणवलं जात होतं. यूइंगनं चार वर्षं पूर्ण केली आणि ललित कलेची पदवी घेतली.

त्या चार वर्षांत संघ तीनदा अंतिम सामन्यात गेला. पहिला १९८२ चा, न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये, साठ हजारांहून जास्त प्रेक्षकांपुढे, नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध. अखेरची काही सेकंदं उरली असताना मायकल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षातल्या मुलानं डावीकडून चेंडू टाकला आणि नॉर्थ कॅरोलायना ६३-६२ असं पुढे गेलं. अजून वेळ होता. जॉर्जटाऊनच्या फ्रेड ब्राउनकडे चेंडू होता. डोळ्याच्या कोपऱ्यात हालचाल दिसली, आपलाच भिडू आहे असं वाटून त्यानं चेंडू दिला, तो थेट प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हातात. सामना गेला. देशभरच्या कॅमेऱ्यांपुढे थॉम्पसन पुढे झाले आणि त्यांनी त्या मुलाला मिठीत घेतलं. इतका प्रचंड माणूस, खांद्यावर नेहमीचा पांढरा टॉवेल, आणि त्याच्या कुशीत चुकलेलं पोर. तोवर थॉम्पसन हे रागीट, दुरावा राखणारे गृहस्थ म्हणून वर्तमानपत्रांतून रंगवले जात. त्या एका दृश्यानं अनेकांची समजूत बदलली.

१९८४ मध्ये विजेतेपद आलं. उपांत्य सामन्यात जॉर्जटाऊनच्या बचावाला केंटकीकडे उत्तरच नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यात केंटकीनं ३३ वेळा बास्केटकडे चेंडू टाकला, आत गेला तीनदा. केंटकीसारख्या बलाढ्य संघाचा हा आकडा आहे, चुकून छापलेला नाही. अंतिम सामन्यात हकीम ओलाजुवॉनच्या ह्यूस्टनला ८४-७५ असं हरवलं. सामना संपला आणि थॉम्पसननी पुन्हा फ्रेड ब्राउनला मिठी मारली. राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे तुम्ही पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक, कसं वाटतं, असं पत्रकार विचारत होते. या कौतुकावर ते उखडत. आपल्याआधी असं करण्याजोगं कुणी नव्हतं असा अर्थ त्यातून निघतो आणि तो खोटा आहे, त्या माणसांना संधीच दिली गेली नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते शंभर टक्के पटतं.

आणि १९८५. सलग दुसऱ्या विजेतेपदासाठी जॉर्जटाऊन हॉट फेव्हरिट होतं. समोर त्यांच्याच गटातलं व्हिलनोव्हा, आठवं मानांकन. चेंडू किती वेळ हातात ठेवावा यावर तेव्हा मर्यादा नव्हती. व्हिलनोव्हानं घाई केली नाही, मनासारखी संधी मिळेपर्यंत चेंडू फिरवत ठेवला आणि २८ पैकी २२ प्रयत्नांत बास्केट केल्या. जॉर्जटाऊन ६६-६४ असं हरलं. पुढच्याच हंगामात कॉलेज बास्केटबॉलमध्ये ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं.

त्या काळात जॉर्जटाऊन हे नाव खेळाच्या बाहेर गेलं. निळ्या-करड्या रंगाचं, बुलडॉगचं चित्र असलेलं त्यांचं जाकीट डेट्रॉइटपासून लॉस एंजेलिसपर्यंतच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत मुलं घालत. त्यांतल्या बहुतेकांनी ते विद्यापीठ कधी पाहिलेलं नव्हतं. पण तिथे आपल्यासारखा दिसणारा माणूस सर्वांत उंच उभा आहे आणि कुणापुढे वाकत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. थॉम्पसन सराव बंद दाराआड घेत, खेळाडूंना पत्रकारांपासून लांब ठेवत. यावर खूप टीका झाली. मला वाटतं, त्या केळ्यांची आणि पाट्यांची आठवण ठेवली तर दारं बंद का होती ते समजतं.

त्यांचा हा पहारा फक्त पत्रकारांपुरता नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रेफुल एडमंड हा वॉशिंग्टनचा कोकेनचा सर्वांत मोठा व्यापारी संघातल्या काही मुलांत मिसळू लागला होता. शहर त्याला टरकून होतं. थॉम्पसननी त्याला निरोप धाडून आपल्या खोलीत बोलावलं आणि माझ्या मुलांपासून दूर राहा असं तोंडावर सांगितलं. तो दूर राहिला. १९८९ च्या जानेवारीत एनसीएएनं नियम आणला की प्रवेशपरीक्षेत ठरावीक गुण नसलेल्या मुलांना पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच द्यायची नाही. या परीक्षा गरीब कृष्णवर्णीय मुलांना मुळातच अडवतात, असं थॉम्पसन यांचं मत होतं. बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होताना ते निषेध म्हणून मैदानातून चालते झाले. नियम पुढे सौम्य करावा लागला. आणि ॲलन आयव्हर्सन. शाळेत असतानाच एका मारामारीच्या खटल्यात तुरुंगात गेलेला, विलक्षण प्रतिभेचा मुलगा. तो खटला पुढे अपिलात पुराव्याअभावी रद्द झाला, पण त्याआधीच कॉलेजांनी पाठ फिरवली होती. त्याची आई थॉम्पसनकडे गेली, मुलाला वाचवा म्हणाली. थॉम्पसननी त्याला घेतलं. २०१६ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली तेव्हा आयव्हर्सननं भर सभेत या माणसानं माझा जीव वाचवला असं सांगितलं.

पण आयव्हर्सन दोन वर्षांतच व्यावसायिक खेळाकडे गेला, १९९६ मध्ये. पदवीआधी तिकडे निघून जाणारा तो थॉम्पसन यांचा पहिला खेळाडू. काळ बदलतोय याची ती खूण होती. १९९९ च्या जानेवारीत, हंगाम चालू असतानाच, थॉम्पसननी पद सोडलं. ५९६ विजय, २३९ पराभव.

इथून पुढची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. गाण्यातल्या घराण्यासारखी. गुरू गेला की गादी कुणाची? आधी वर्षानुवर्षं हाताखाली असलेले सहायक क्रेग एशेरिक आले, पाच वर्षांत गेले. २००४ मध्ये थॉम्पसन यांचे थोरले चिरंजीव, जॉन थॉम्पसन तिसरे. ते प्रिन्स्टनमध्ये वेगळ्या पद्धतीचा, सतत पास देत जागा बदलण्याचा खेळ शिकलेले होते आणि तोच त्यांनी इथे आणला. २००७ मध्ये संघ अखेरच्या चारांत पोचला. त्या संघात यूइंगचा मुलगाही होता. थोरले थॉम्पसन सामन्यांना येऊन बसत. मुलाच्या तेरा हंगामांपैकी आठांत संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला. त्यांना अपयशी म्हणणं अन्याय होईल.

मात्र मार्चमध्ये विचित्र काहीतरी घडू लागलं. २००८ मध्ये डेव्हिडसन या छोट्या कॉलेजातल्या स्टेफन करी नावाच्या सडपातळ मुलानं ३० गुण करून त्यांना घालवलं. २०१० मध्ये चौदावं मानांकन असलेल्या ओहायोनं. मग २०११ आणि २०१२ मध्येही खालच्या मानांकनाच्या संघांनी. २०१३ मध्ये फ्लॉरिडा गल्फ कोस्ट, पंधरावं मानांकन, ७८-६८. त्या विद्यापीठात पहिली मुलं शिकायला आली तीच १९९७ साली. एक अपघात समजता येतो. पाच वेळा तेच झालं की भरतीला येणारी मुलं आणि त्यांचे आईबाप विचार करू लागतात.

त्याच २०१३ मध्ये पायाखालची जमीनही सरकली. बिग ईस्ट फुटला. अमेरिकी फुटबॉलला टीव्हीवर अफाट पैसा मिळतो, आणि मोठा फुटबॉल संघ असलेल्या कॉलेजांना तो खुणावत होता. सिरॅक्यूज निघून गेलं, म्हणजे जुनं वैर गेलं. उरलेल्या सात कॅथलिक कॉलेजांनी गटाचं नाव आपल्याकडे राखलं आणि तीन नवे सोबती घेतले. या नव्या गटात व्हिलनोव्हानं २०१६ आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कनेटिकट २०२० मध्ये परतलं आणि २०२३, २०२४ अशी दोन वर्षं सलग जिंकलं. त्यामुळे गट दुबळा झाला म्हणून जॉर्जटाऊन बुडालं, हे कारण टिकत नाही. शेजारी तर वर चढत होते.

२०१७ मध्ये, सलग दोन वाईट हंगामांनंतर, थॉम्पसन यांच्या मुलाला काढलं. विद्यापीठानं यूइंगला बोलावलं. व्यावसायिक खेळात सतरा हंगाम गाजवलेला, पुढे तिथेच पंधराएक वर्षं सहायक प्रशिक्षक राहिलेला माणूस. पण मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यानं कधी काम केलं नव्हतं, आणि कॉलेज पातळीवर तर अजिबात नाही. कॉलेजच्या प्रशिक्षकाचा अर्धा वेळ सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी बसून आईबापांशी बोलण्यात जातो. यूइंगची निष्ठा निर्विवाद होती. त्याला ते काम येतं का, हा प्रश्न विद्यापीठानं पुरेसा विचारला नाही असं माझं मत आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये, हंगामाच्या मध्यावर, चार खेळाडू संघ सोडून गेले.

तरी एक आठवडा असा आला की सगळं परतल्यासारखं वाटलं. ऑगस्ट २०२० मध्ये थॉम्पसन ७८ व्या वर्षी वारले. मार्च २०२१ मध्ये, करोनामुळे रिकाम्या-रिकाम्या वाटणाऱ्या न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बिग ईस्टची गटस्पर्धा झाली. हंगामाआधी जॉर्जटाऊन शेवटचं येईल असं भाकीत होतं. याच इमारतीत यूइंग पंधरा वर्षं न्यू यॉर्क निक्सकडून खेळला, त्याची ३३ क्रमांकाची जर्सी तिथे छताला टांगलेली आहे, आणि तिथले सुरक्षारक्षक त्याला अडवून ओळखपत्र मागत होते. त्यानं पत्रकारांपुढे भडकून तसं सांगितलंही. चार दिवसांत चार सामने जिंकून, अंतिम सामन्यात क्रेटनला ७३-४८ असं लोळवून त्यानं करंडक उचलला. गुरू गेल्यानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये. आठवडाभरात राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत कोलोरॅडोनं त्यांना ९६-७३ असं हरवलं.

पुढचा हंगाम सांगताना त्रास होतो. २०२१-२२ मध्ये ६ विजय, २५ पराभव. गटातले १९ सामने खेळले, १९ हरले. शेवटचे २१ सामने ओळीनं गमावले. त्यापुढच्या हंगामात ७ विजय, २५ पराभव. बिग ईस्टमधले सलग २९ पराभव झाल्यावर जानेवारी २०२३ मध्ये एकदाचा एक सामना जिंकला. मार्चमध्ये यूइंगला काढलं. विरोधी मैदानांवर त्याच्या नावानं पाट्या झळकल्या तरी जो कधी मोडला नाही, त्याच्याच नावावर विद्यापीठाचे सर्वाधिक पराभवांचे हंगाम लागले. त्याच्यासाठी वाईट वाटतं.

यात फक्त त्याचा दोष नव्हता. २०२१ मध्ये कॉलेजचा खेळ मुळापासून बदलला. पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागे. त्या वर्षापासून पहिल्यांदा बदलताना ती अट उरली नाही. ‘ट्रान्सफर पोर्टल’ या यादीत नाव नोंदवायचं आणि जो बोलावेल त्याच्याकडे जायचं. त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून पैसे कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, वर्षाला एका विद्यापीठाकडून सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. दर वसंतात निम्मा संघ निघून जातो आणि नवा विकत आणल्यासारखा उभा करावा लागतो.

मुलांना पैसे मिळू लागले याचं मला दुःख नाही. त्यांच्या घामावर इतरांनी दशकानुदशकं इमले बांधले, त्यांचा वाटा त्यांना आधीच मिळायला हवा होता. स्वतः थॉम्पसन कधी व्यवहाराला नाकं मुरडणारे नव्हते. नाइकीशी त्यांचा करार होता आणि पुढे ते त्या कंपनीच्या संचालक मंडळावरही बसले. पण या व्यवस्थेत एक गोष्ट जवळजवळ अशक्य झाली. अठराव्या वर्षी आलेला मुलगा बाविसाव्या वर्षापर्यंत एकाच माणसाच्या नजरेखाली राहणं. ७८ पैकी ७६ हा हिशोब चार वर्षं राहिलेल्यांचा होता. आता चार वर्षं राहणारे किती?

मार्च २०२३ मध्ये विद्यापीठानं पहिल्यांदा घराण्याबाहेर पाहिलं. एड कूली, गरिबीत वाढलेले कृष्णवर्णीय प्रशिक्षक, प्रॉव्हिडन्स कॉलेजला बारा वर्षं नावारूपाला आणणारे. थॉम्पसन जिथे खेळले तेच प्रॉव्हिडन्स. स्वतःच्या जन्मगावचा संघ सोडून ते याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याकडे आले म्हणून तिथले लोक त्यांच्यावर संतापले. पहिल्या हंगामात ९ विजय, २३ पराभव. दुसऱ्यात, २०२४-२५ मध्ये, १८ विजय आणि १६ पराभव. त्या हंगामात टॉमस सॉर्बर हा पहिल्या वर्षातला उंच मुलगा फार सुंदर खेळला. फेब्रुवारीत पायाला दुखापत झाली, आणि जूनमध्ये तो व्यावसायिक संघात निवडला गेला. पंधरावा क्रमांक, एक वर्षाचं कॉलेज.

जॉर्जटाऊननं चूक कुठे केली, याचं माझं उत्तर असं आहे. त्यांनी थॉम्पसन यांचं आडनाव राखलं, त्यांचा शिष्य आणला, २०१६ मध्ये नव्या क्रीडासंकुलाला त्यांचं नाव दिलं. पण १९७२ मध्ये त्यांना निवडताना विद्यापीठानं जे केलं होतं, म्हणजे आपल्या शहरात उतरून, कुणाला फारसं ठाऊक नसलेल्या शाळेतून शिक्षक शोधून आणला होता, ते पुन्हा केलं नाही. वॉशिंग्टन आणि लगतचा प्रिन्स जॉर्जेस परगणा ही आजही अमेरिकेतली बास्केटबॉलची सर्वांत सुपीक जमीन आहे. नामवंत खेळाडू केव्हिन ड्युरँट तिथलाच. तो शिकायला टेक्ससला गेला. कूलींना काही करायचं असेल तर सुरुवात याच जमिनीपासून करावी लागेल, आणि भरतीच्या खोलीत फेनलनबाईंसारखं कुणीतरी बसवावं लागेल.

राष्ट्रीय स्पर्धेतला सामना जॉर्जटाऊननं २०१५ च्या मार्चमध्ये जिंकला होता, ईस्टर्न वॉशिंग्टनविरुद्ध. त्यानंतरच्या दहा वर्षांत एकही नाही. आज त्या निळ्या-करड्या जर्सीत उतरणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा, थॉम्पसन ती खोली सोडून गेल्यानंतर जन्मलेला आहे.